ओळीतलं मीठ

मला बघायला येणाऱ्या मंडळींना माझी नोकरी समजावून सांगणं आईला कधी जमलं नाही. "पीथमपुरात औषधांच्या कंपनीत आहे," इथवर ठीक जायचं. मग कुणीतरी विचारायचं, तिथे नेमकं काय करते? आई माझ्याकडे बघायची. मी सांगायचे की आठवडाभर चुंबकाची देखभाल करते आणि रविवारी बोकडाच्या टाचेतलं मीठ बघते. पुढचे पोहे बहुधा शांततेत व्हायचे.

आता देवासच्या आपल्या मंडळाने दिवाळी अंकासाठी त्याच नोकरीवर लिहायला सांगितलं आहे, तेव्हा ते वाक्य नीट उलगडून सांगते. समजावून सांगायची मला घरातूनच सवय आहे. आमचे बाबा जळगावहून देवासच्या कारखान्यात आले ते पिशवीत युनियनची पत्रकं घेऊन. माझी शाळा हिंदी. मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. त्यामुळे 'सफरचंद' वाचता येण्याआधी मला 'पिळवणूक' वाचता येत होतं.

कंपनीत पुरुषभर उंचीचं एक स्टीलचं पिंप होतं. त्याच्या पोटात तारेचं वेटोळं आणि त्या तारेत अखंड फिरणारी वीज. त्या विजेमुळे पिंपाचं जबरदस्त चुंबक झालेलं. वीज एकदा सोडली की वर्षानुवर्षं फिरत राहते, पुन्हा द्यावी लागत नाही. अट एकच, तार कमालीची थंड हवी. म्हणून पिंपात पातळ केलेला हेलियम आणि त्याच्याभोवती पातळ केलेला नायट्रोजन. नायट्रोजन दर आठवड्याला भरायचा, हेलियम तीन-चार महिन्यांनी. हे माझं काम. यात कुचराई झाली तर तार तापते, सगळा हेलियम एका दमात उकळतो, छतापर्यंत पांढरा ढग जातो आणि चुंबक मरतं. मेलेलं चुंबक उठवायला परदेशातून माणूस बोलवावा लागतो आणि तो सवडीने येतो.

या चुंबकात नमुना ठेवायचा, त्यावर रेडिओलहरींचे ठोके मारायचे आणि नमुन्यातले अणू काय उत्तर देतात ते टिपायचं. उत्तर पडद्यावर रेघांच्या रूपात उमटतं. सोमवार ते शनिवार आम्ही औषधांच्या भुकटीतला हायड्रोजन बघायचो, कारण परदेशी गिऱ्हाइकाला मालाबरोबर त्या रेघा लागायच्या. रविवारी मशीन दिघेसरांचं असे.

दिघेसर इंदूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. देवासचं जुनं घराणं, आजोबा संस्थानात अंमलदार. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला "आपण" म्हणायचे. माझं हिंदीमिश्रित मराठी ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखे भाव यायचे, पण त्यांनी मला कधी टोकलं नाही. कंपनीचा एक संचालक त्यांचा विद्यार्थी, म्हणून त्यांना रविवार मिळाला होता. त्यांना मिठातला सोडियम बघायचा असे.

सोडियम शरीरात सगळीकडे आहे. रक्तात किंवा घामात तो बाजारातल्या गर्दीसारखा असतो, ज्याला जिकडे वाटेल तिकडे वळतो. अशा मोकळ्या सोडियमची पडद्यावर एकच रेघ येते. पण टाचेमागे जो जाड दोर लागतो, ज्याला पुस्तकात कंडरा म्हणतात आणि खाटकाकडे नस, त्यात सगळे धागे एका दिशेने, सुंभासारखे असतात. त्या धाग्यांवर ऋण भार, सोडियमवर धन. मग बिचाऱ्याला धाग्यांच्या मधल्या बोळातून शिस्तीत राहावं लागतं. अशा ओळीतल्या सोडियमची एक रेघ फुटून तीन होतात. मधली उंच, बाजूच्या दोन ठेंगण्या आणि पसरट. गर्दीतलं मीठ एक रेघ देतं आणि ओळीतलं तीन, एवढं समजलं तरी या विषयाचं निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं असं, की कंडरा चुंबकात सरळ उभी असेल तर तीन रेघा लांब लांब पडतात. ती कलंडत नेली तर जवळ येतात आणि एका ठरावीक कोनाला तीनही एकमेकींवर बसून एकच दिसते. कंडरा तीच, मीठ तेच, बदलला फक्त कोन. हे मी पुढे बऱ्याच कामगार पुढाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं.

सरांचा प्रश्न साधा होता. कंडरेवर वजन टांगत गेलं तर त्या रेघा कशा सरकतात, आणि तुटायच्या आधी त्या काही सांगतात का? त्यासाठी त्यांनी स्वतः काचेची एक नळी घडवली होती. तिच्या तळाशी कंडरेची बारीक पट्टी बांधायची, वरच्या टोकाला मासे धरायचा दोरा, तो चुंबकातून वर काढून एका चाकावरून खाली सोडायचा आणि त्याला पितळी वजनं लावायची. लोखंडी वजनं लावली असती तर ती चुंबकाला जाऊन चिकटली असती आणि आम्हालाही सोबत नेलं असतं.

कंडरा आणायचं काम माझं. देवासला रफीकभाई खाटिक सकाळी ताज्या नसा काढून ठेवायचे. त्यांना वाटायचं, मी कुणातरी वैद्याकडे आहे. मी एकदा सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "बेटा, मुझे तो वैद्यवाली बात ही ठीक लगती है." कंडरा बर्फ घातलेल्या स्टीलच्या डब्यातून शिफ्टच्या बसने जायची. आता या बसमध्ये आपल्या बायकांची रीत अशी, की शेजारणीने डबा आणला तर तो आधी आपण उघडून बघायचा. पीथमपुरात बालवाडी चालवणाऱ्या एक काकू एका रविवारी शेजारी येऊन बसल्या. "काय गं, आज काय?" म्हणत त्यांनी डबा मांडीवर घेऊन उघडलासुद्धा. मी म्हटलं, बोकडाची नस. काकूंनी झाकण लावलं, डबा परत दिला आणि पीथमपूर येईपर्यंत रामरक्षा म्हटली. त्यानंतर त्या बसमध्ये मला कायम दोन जणांची जागा मिळत गेली.

अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्याअखेर कैलासची टाच तुटली.

कैलास बागलीकडचा. आमच्याच कंपनीत पिंपं चढवायच्या शेडमध्ये हमालीवर होता. भरलेलं पिंप उतारावरून वर ढकलताना त्याच्या टाचेमागची कंडरा तुटली. कंपनीच्या डॉक्टरने लिहून दिलं की नस आधीच खराब होती, घरी जिना चढतानाही तुटली असती. म्हणजे कामावरचा अपघात नाही. म्हणजे उपचाराचा खर्च नाही, बसायचं काम नाही, आणि गेटपासही जमा, म्हणजे नोकरीच गेली.

मी सरांकडे गेले. मला वाटत होतं, जगात कैलासच्या बाजूने साक्ष देऊ शकणारं एक मशीन असेल तर ते आमचं, आणि एक माणूस असेल तर दिघेसर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, जिवंत माणसाची टाच या नळीत मावत नाही. मावली असती तरी तुटलेली कंडरा तुटायच्या आधी कशी होती, हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही. मी म्हटलं, सर, तुम्ही नुसतं एवढं लिहून द्या की वजनाने तुटते.

"वजनानं तुटते हें खरं आहे," सर म्हणाले, "पण ही वजनानं तुटली, हें मला माहीत नाही. जें माहीत नाही तें आपण मला लिहायला सांगता आहात."

मग शास्त्र कुणाच्या बाजूचं, असं मी विचारलं. हे वाक्य बाबांच्या एका पत्रकाचं शीर्षक होतं. सर म्हणाले, त्याचा त्यांनी विचार केलेला नाही. नंतर कित्येक रविवार मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. कंडरा मात्र नीट बांधत राहिले, कारण राग कंडरेवर काढला तर ती तिरकी बसते.

पावसाळा संपता संपता कैलाससाठी संप झाला. मी स्टाफमध्ये, म्हणून युनियनची सभासद नव्हते, पण संपाचं हिंदी पत्रक मी लिहिलं होतं. पाचव्या दिवसापासून स्टाफलाही गेटवर अडवायला लागले, तेव्हा मी ताडपत्रीखाली सगळ्यांबरोबर बसू लागले. आत काय सोडायचं तेही पत्रकात मीच घातलं होतं. दूध, पाण्याचा टँकर आणि ॲम्ब्युलन्स. हेलियम मला सुचला नाही. संप इतका लांबेल असं पत्रक लिहिणाऱ्याला कधीच वाटत नसतं.

त्या आठवड्याचा नायट्रोजन गेटवरून परत गेला. नायट्रोजन आटला की आतला हेलियम भराभर उडतो. आणि रविवारी सकाळी मुंबईहून हेलियमची टाकी घेऊन टेम्पो आला. टाकीच्या झडपेतून बारीक फुस्स असा आवाज सतत येत होता. तो हेलियम उडून जाण्याचा. ड्रायव्हरला खाली करून परत जायची घाई होती. गेटवर युनियनचे अध्यक्ष रामरतन भिया बसले होते; आमच्याकडे भैयाचं भिया होतं. त्याच वेळी सरही स्कूटरवरून पोचले. संप असो नसो, त्यांचा रविवार होता.

मी रामरतन भियांना म्हटलं की हे आत जाऊ द्या. त्यांनी विचारलं, का. मी ताडपत्रीखाली उभी राहून सगळं सांगितलं. गर्दीतलं मीठ आणि ओळीतलं मीठ सांगितलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं की भिया, आपण आत्ता कोणतं? हशा पिकला. सरांची आठ वर्षांची मेहनत सांगितली. मार्चमध्ये ते निवृत्त होतात, मग त्यांना कुणी मशीन देणार नाही, हेही सांगितलं. हेलियम भरला नाही तर चुंबक आज-उद्या मरेल, हे सांगितलं. लोक मऊ झाले होते. सर भले माणूस आहेत हे गेटवर सगळ्यांना माहीत होतं.

रामरतन भियांनी एकच विचारलं. "ये तो इतवार की बात हुई दीदी. बाक़ी छह दिन ये मशीन किसकी है?"

मी म्हटलं, कंपनीची.

"और ये मर गई तो?"

बाहेरचा माल अडेल, मी म्हटलं. गिऱ्हाईक रेघांशिवाय माल घेत नाही. किती दिवस? काही महिने.

टाकीचा फुस्स आवाज तेवढा येत होता. रामरतन भिया म्हणाले, "दीदी, तुम मांगने आई हो कि देने?"

मला त्या क्षणी कळलं की मी काय सांगून बसले. सरांना ते माझ्याआधी कळलं असावं. रामरतन भिया त्यांच्याकडे वळले आणि विचारलं की दीदी सांगते ते बरोबर आहे का. 'नाही, कंपनी दुसरीकडून रेघा काढून आणेल,' एवढं सरांनी म्हटलं असतं तर टाकी तेव्हाच आत गेली असती. तेही अगदीच खोटं ठरलं नसतं. सर्वांना ते ऐकायचंही होतं.

"सही है," सर म्हणाले.

"और आपका?"

"मेरा काम ख़तम."

टेम्पो गेटबाहेरच उभा राहिला. तासाभरात मॅनेजरसाहेब गेटवर आले. संप सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदाच दिसत होते. काही जणांनी त्यांना लगेच ओळखलंही नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की मशीन किती वेळ काढेल. मी त्यांनाही खरं तेच सांगितलं. दोन्ही बाजूंना एकच उत्तर दिल्यामुळे दोन्ही बाजूंना मी पलीकडची वाटू लागले.

पुढची बोलणी मी इतक्या वेगाने झालेली पुन्हा पाहिली नाहीत. मॅनेजर एखाद्या कलमावर अडले की सगळे गप्प बसायचे, आणि गप्प बसलं की टाकी ऐकू यायची. मग ते पुढच्या कलमाकडे जायचे. दुपार कलेपर्यंत कैलासच्या उपचारांचा खर्च, स्टोअरमध्ये बसायचं काम आणि त्याचा गेटपास, तिन्ही गोष्टी मान्य झाल्या. आमच्या शास्त्राला आठ महिने जे सिद्ध करता आलं नाही ते एका गळक्या झडपेने केलं, असं मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, झडपेने नाही, गेटने केलं. ते अशा बाबतीत काटेकोर आहेत.

टाकी संपवाल्यांनीच आत ढकलली. रामरतन भिया वरातीपुढे चालावं तसे पुढे, आणि मी मागून ओरडतेय की हिसका देऊ नका. भरणं दोघांचं काम असतं. सरांनी टाकीचा दाब सांभाळला आणि मी नळी थंड करून हळूहळू आत सोडली. हेलियमच्या पातळीचा काटा तळाला टेकायला आला होता. चुंबक वाचलं.

आठवडाभरात मला ऑफिसात बोलावलं. कंपनीची दुखरी जागा बाहेरच्या लोकांना कळते, हे योग्य नाही, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. यापुढे रविवारी मशीन बंद राहील. मला चुंबकावरून काढून पाण्याच्या तपासणीत टाकत होते, तेही नव्या माणसाला शिकवून झाल्यावर. आणि दिघेसरांनी एका रविवारी येऊन आपलं सामान घेऊन जावं.

हे सरांना सांगायला मी देवासला त्यांच्या घरी गेले. रस्त्याने मी एक भाषण तयार केलं होतं. त्यात व्यवस्थेचा दोष होता, माझी बाजू होती, शेवटी एक आवाहनही होतं. सरांनी दार उघडलं, बसवलं, पाणी आणून दिलं. मी पहिलं वाक्य सुरू केलं तर म्हणाले, "हेलियम पूर्ण भरला आहे ना?" मी हो म्हटलं. "नायट्रोजन?" तोही. "मग सामान आवरायला सगळा दिवस कशाला हवा," सर म्हणाले. "आपण कंडरा घेऊन या."

भाषण तिथेच राहिलं. गेटवर मला विचारलं ते मी खरं सांगितलं आणि आज विचारलं तरी तेच सांगेन. पण त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने दिली, आणि पत्रकांत अशा माणसासाठी शब्द नसतो. 'शहीद' म्हटलं असतं तर सरांची दाढ पुन्हा दुखली असती.

तो शेवटचा रविवार. आम्ही पट्टी बांधली, तीन रेघा सुरेख आल्या. वजनं चढवायला सुरुवात केली तोच दारावर टकटक झाली. बाहेर कैलास होता, कुबडीवर, हातात पेढ्यांचा पुडा. सोमवारपासून त्याचं स्टोअरचं काम सुरू होणार होतं आणि गेटपास कालच हातात पडला होता. तो लगेच वापरून बघावासा वाटला, म्हणाला. कुबडी लाकडी होती, तरी मी त्याच्या खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवायला लावल्या. ज्या मशीनमुळे आपलं काम झालं ते त्याला बघायचं होतं.

सरांनी त्याला आपली खुर्ची दिली. पडद्यावर बोट ठेवून सांगितलं की ही मधली, या बाजूच्या दोन. वजन वाढवलं की त्या सरकतात, बघा. एक चित्र उमटायला दहाएक मिनिटं लागतात, कारण सोडियमचं उत्तर इतकं क्षीण असतं की पुन्हा पुन्हा विचारून त्याची बेरीज करावी लागते. कैलास प्रत्येक चित्राला न कंटाळता बसला. आणखी एक वजन लावलं. मग आणखी एक. आणि एकाएकी दोरा सैल पडला, वजनं खालच्या गादीवर आपटली. पट्टी तुटली होती. पुढच्या चित्रात बाजूच्या रेघा पार पसरून गेल्या होत्या.

सर आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी लावून बराच वेळ बघत राहिले. तुटायच्या आधीच्या चित्रात काहीच वेगळं नव्हतं. मी म्हटलं, तुटायला क्षण लागतो आणि आपल्याला दहा मिनिटं, मग दिसणार कसं? सर म्हणाले, "तेंच. म्हणजे ती आधी कांही सांगत नाही, असंही आपल्याला म्हणतां येत नाही." आणि नवी पट्टी बांधायला घेतली.

कैलासला मराठी येत नव्हतं. काय म्हणतात, असं त्याने मला विचारलं. मी सांगितलं की तुटण्याआधी नस काही बोलते का, हे सर इतकी वर्षं शोधतायत, आणि या मशीनला ते काही सापडत नाही.

कैलासने पाय थोडा लांब केला.

"मेरी तो बोलती थी," तो म्हणाला. "पंद्रह दिन से. सुबह खाट से उतरूं तो बोलती थी, फिर चल-चला के चुप हो जाती थी. सुपरवाइज़र को बताया तो बोला, दूसरे पैर पे ज़ोर दे."

मी सरांकडे बघितलं. हे वाक्य समझोत्याआधी कंपनीच्या डॉक्टरच्या कानावर गेलं असतं तर त्याने ते चौकटीत लावलं असतं; बघा, आधीपासूनच खराब होती. आणि माझ्या कानावर आलं असतं तर मी त्याचंच पत्रक काढलं असतं की पंधरा दिवस सांगूनही ऐकलं नाही. वाक्य एकच होतं. मी ते कैलासला कधी विचारलंच नव्हतं, कारण त्याची बाजू मला आधीपासून ठाऊक होती.

सरांच्या हातात अर्धी बांधलेली पट्टी होती. मशीन संध्याकाळपर्यंत आमचंच होतं, आणि त्यानंतर कधीच नव्हतं. सरांनी गाठ सोडवली, पट्टी बर्फाच्या डब्यात परत ठेवली, हात पुसले आणि एक स्टूल ओढून कैलाससमोर बसले.

"पहले दिन से बताइए," ते म्हणाले. "खाट से उतरे, तब से."